दोन आठवड्यांची मिशन ट्रिप : तिकीट काढायच्या आधी

या वेळी सदरात एकाच विषयाची पत्रं घेतलीत. उन्हाळा तोंडावर आला की आपल्या मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतली, म्हणजे चर्चमधली, पोरंपोरी आता बाहेरदेशी मिशन ट्रिपला, सेवा करायला नि सुवार्ता सांगायला, निघतात. पूर्वी फक्त बाहेरचे लोक आपल्याकडं यायचे, आता आपणपण जायलोत, मला याचा लई आनंद आहे, पण प्रश्नपण तेवढेच यायलेत. मी मिशन दवाखान्यात ३१ वर्षं नर्स होते, त्यातली बरीच वर्षं बाहेरून आलेल्या टीमांचं जेवणखाण बघण्यात आणि त्या गेल्यावर मागचं आवरण्यात गेली, आणि दोनदा स्वतः आफ्रिकेत जाऊन आले. त्यातून जे कळलं तेच सांगते.

सिस्टर, प्रभूत सलाम. मी २४ वर्षांचा आहे, इथं एका स्टील कंपनीत अकाउंटला आहे. आमच्या तरुण संघातले पाच जण एका मोठ्या शहरातल्या टीमसोबत जूनमध्ये १४ दिवस युगांडाला जायलोत. एका शाळेला रंग द्यायचा, लेकरांचं व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घ्यायचं, गावात आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची. माणशी १ लाख ६० हजार खर्च, निम्मे मंडळी देणार. पण बाबा म्हणायलेत एवढ्या पैशात तिथल्या चार शाळा रंगवून होतील, तुम्ही कशाला जायलात? मला आतून वाटतंय की हे देवाचं बोलावणं आहे. बाबांचं ऐकू का मनाचं?
— एक वाचक, जालना

लेकरा, बाबांचं गणित चुकलेलं नाही आणि तुझ्या मनातली हाकपण खोटी नाही, पण दोघांनीही तिसऱ्या माणसाला अजून विचारलेलं नाही, ज्याच्या दारात तुम्ही जायलात त्याला.

आधी बाबांच्या गणिताचं सांगते. होंडुरास नावाचा देश आहे, तिथं १९९८ मध्ये मिच वादळानं हाहाकार केला. मग उत्तर अमेरिकेतून चर्चच्या टीमांमागून टीमा घरं बांधायला गेल्या. कर्ट व्हेर बीक म्हणून एक समाजशास्त्राचे प्राध्यापक तिथंच राहतात, स्वतः ख्रिस्ती आहेत, त्यांनी नंतर जाऊन तपासलं. स्थानिक संस्थेनं बांधलेलं घर २ हजार डॉलरच्या आसपास पडलेलं, आणि टीमनं जाऊन बांधलं तर प्रवास धरून तेच घर ३० हजार डॉलरच्या घरात गेलेलं. राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात मात्र या घरानं नि त्या घरानं काही फरक पडला नव्हता. त्याहून मला लागलं ते पुढचं, की जे लोक 'आमचं आयुष्य बदललं' म्हणत घरी परतले होते त्यांच्या दान देण्यात, प्रार्थनेत, सेवेत काही वर्षांनी बघितलं तर फारसा बदल दिसला नाही.

आता हे बाहेरचं झालं, आपल्या घरचं सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. आमच्या दवाखान्यातून आम्ही नर्सा गेलो होतो. तिथं रस्त्याच्या कडेला बाहेरून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले, पावसात भिजलेले, त्यात जीन्सच्या पँटी, सुटातले कोट, आणि आमच्या बाया विचारायच्या की माय, लुगडं हाय का एखादं. पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं रे. पुढं नवीन गावं वसली, सरळ रेषेत घरं, पण बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, सांजच्याला बायांनी कुठं बसायचं, हे आधी कुणी विचारलंच नाही बऱ्याच ठिकाणी. ज्यांनी ते भोगलंय त्या मराठवाड्याचं तू लेकरू आहेस, म्हणून तुझ्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

रंगाचंही सांगते. आमच्या दवाखान्यात एका वर्षी अशीच टीम आली, मनानं फार चांगली पोरं, त्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं म्हणून वॉर्डाच्या भिंती रंगवायला दिल्या. खाली घासलं नाही, पुट्टी नाही, पहिल्याच पावसात पोपडे आले. आमचा एक पेंटरभाऊ होता, दरसाल दिवाळीच्या आधी ते काम त्यालाच मिळायचं आणि त्यावर त्याच्या घरात लेकरांना कपडे यायचे, त्या वर्षी त्याचं काम गेलं. ही गोष्ट त्या टीमला कधीच कळली नाही, कारण ते गेले होते, मागं राहिला तो पेंटर नि आम्ही. युगांडातल्या त्या शाळेच्या गावात पेंटर नसेल असं तुला वाटतं का?

पण दुसरीपण आठवण आहे. एक वयस्कर नर्सबाई बाहेरदेशातून तीन आठवड्यांसाठी आल्या, आल्या आल्या आमच्या मेट्रनला, म्हणजे मुख्य सिस्टरला, म्हणाल्या, तुमची अडचण सांगा, मी काय करू ते तुम्हीच ठरवा. मेट्रन म्हणाल्या, आमच्या पोरी कामाला वाघ आहेत पण इंग्रजीच्या पेपरात नापास होतात. बस, बाई रोज संध्याकाळी व्हरांड्यात पोरींना घेऊन बसायच्या. त्यांनी ना कुठं भाषण दिलं, ना भिंत रंगवली. त्या पोरींतल्या कितीतरी जणी पास होऊन नोकरीला लागल्या आणि अजूनही त्यांचं नाव काढतात. म्हणजे दिवस थोडे असणं हा दोष नाही, न विचारता ठरवून जाणं हा आहे.

टीमवाले तुला म्हणतील की बायबलातल्या प्रेषित पौलानंपण शॉर्ट ट्रिपच केल्या. बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' नीट वाच. करिंथात तो दीड वर्ष राहिला, इफिसकरांना तर स्वतः सांगतो की तीन वर्षं तुमच्यात होतो, आणि करिंथात तंबू शिवून पोट भरलं. आपल्या मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले, मराठी शिकले, बायबलच्या भाषांतराला लागले आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना कॉलऱ्यानं गेले, तेरा वर्षं म्हणजे. आणि तुझ्या जालन्याचे नारायण शेषाद्री, ज्यांनी निजामाच्या राज्यात बेथेल गाव वसवलं, ते १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले होते, डोक्याला पागोटं बांधून, इथल्या मंडळीचं म्हणणं तिथं मांडायला. आपल्याकडून बाहेर जाण्याची वाट इतकी जुनी आहे, पण ते आधी इथं रुजले होते नि मग गेले.

आणखी एक, युगांडात जाऊन साक्ष द्यायची म्हणतोस, तर तो देश आधी माहीत करून घे. तिथले दहातले आठ लोक ख्रिस्तीच आहेत, आपल्यापेक्षा कितीतरी भरलेली चर्चेस. १८८६ मध्ये तिथल्या राजानं तरुण पोरांना ख्रिस्तावरच्या विश्वासापायी नामुगोंगोत जाळलं, त्यांच्या आठवणीसाठी दर ३ जूनला लाखो लोक तिथं जमतात, कितीजण दिवसेंदिवस पायी चालत येतात, आपल्याकडं आषाढीला दिंड्या निघतात तसे. तुम्ही जूनमध्येच जायलात, जमलं तर ते बघा आणि नुसतं ऐका. दुसरं, १९७२ मध्ये इदी अमीननं तिथून आशियाई लोकांना, त्यात बहुतेक भारतीय वंशाचे, नव्वद दिवसांत हाकलून दिलं होतं, आणि आजपण तिथली बरीच दुकानं-कारखाने भारतीय लोकांचे आहेत. म्हणजे आपला चेहरा बघून तिथल्या माणसाच्या मनात आधीच काहीतरी येतं, मालक येतो, जुना हिशोब येतो. अशा ठिकाणी भारतीय पोरगा जमिनीवर बसून त्यांच्यासोबत मटोके खातोय, ताट धुवायलाय, हीच मोठी साक्ष होईल. मटोके म्हणजे कच्च्या केळ्याचं वाफवून केलेलं, भाकरीसारखं रोजचं. आणि त्यांच्या लुगांडा भाषेत थँक्यूला 'वेबाले' म्हणतात, निदान पन्नास शब्द इथूनच शिकून जा.

आता करायचं काय. टीमच्या लीडरला सांग की मला त्या शाळेच्या हेडमास्तरशी नि पाळकांशी फोनवर बोलायचंय. त्यांना विचार की पाच जणांऐवजी दोघंच आले आणि तिघांच्या खर्चाचे पैसे शाळेला मिळाले तर चालेल का, रंग तुमच्या गावच्या पेंटरकडून करून घेऊ का, आणि आम्ही आलो तर खरं कोणतं काम आहे. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायला त्यांनाही जड जातं, आपल्याकडं जातं तसंच, म्हणून एकदा विचारून सोडू नको, दोनतीनदा विचार. तू अकाउंटचा माणूस आहेस, कदाचित त्यांना रंगापेक्षा शाळेचे हिशोब कॉम्प्युटरवर घेणारा माणूस पाहिजे असेल. त्यांनी खरंच बोलावलं तर जा, मी स्वतः तुझ्यासाठी प्रार्थना करीन, पण निम्मे पैसे कर्ज काढून भरू नको.

आणि हे रागानं नाही म्हणत, पण तुमच्या तरुण संघानं दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या लेकरांकडं कधी चौदा दिवस दिलेत का? ती आपल्याच जालना-बीडची लेकरं आहेत आणि तिथं जायला व्हिसा लागत नाही. हे आधी करून बघ एक हंगाम, म्हणजे युगांडात गेल्यावर तुझ्या साक्षीत सांगायलापण काही असेल.

माझी पुतणी अमेरिकेत असते, आता तिकडचीच नागरिक झाली, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. ती तिच्या चर्चच्या आठ जणांना घेऊन दहा दिवस आमच्या गावाकडं येणार म्हणतेय. त्यात दोन डॉक्टर आहेत, मेडिकल कॅम्प घ्यायचा, संध्याकाळी सभा, आणि पाळकसाहेबांच्या हातात चर्चच्या छतासाठी डॉलर द्यायचे. सगळे टुरिस्ट व्हिसावर येणार. काही अडचण नाही ना?
— एक वाचक, लातूर जिल्हा

ताई, अडचण आहे, आणि बरं झालं आधी विचारलं. टुरिस्ट व्हिसावर येऊन सभा घेऊन प्रचार करणं आपल्या देशात चालत नाही, मिशनरी कामाचा व्हिसा वेगळा असतो. पुतणीला वाटेल की ओसीआय म्हणजे मी इथलीच, पण २०२१ च्या केंद्र सरकारच्या नोटिफिकेशनप्रमाणे ओसीआयवाल्यांनासुद्धा मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. पाहुणे म्हणून यावं, रविवारी उपासनेला बसावं, तुमच्या हातची धपाटी खावीत, त्याला कुणाची ना नाही. घरी उतरले तर २४ तासांत त्यांची माहिती पोलिसांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरा, त्याला लोक सी-फॉर्म म्हणतात. हे विसरतात आणि मग गावात उगाच कुजबुज होते.

डॉक्टरांचं तर मी नर्स म्हणून कडकच सांगते. बाहेरच्या डॉक्टरला इथं पेशंट तपासायचा तर नॅशनल मेडिकल कमिशनची तात्पुरती परवानगी लागते. शिवाय दहा दिवसांच्या कॅम्पात बीपीची गोळी सुरू करून दिली तर अकराव्या दिवशी ती कोण देणार? मी अशा म्हाताऱ्या बाया बघितल्यात ज्यांनी कॅम्पातली गोळी संपली म्हणून सगळंच बंद केलं आणि मग अर्धांगवायूचा झटका येऊन आमच्याकडं आल्या. त्यापेक्षा त्या डॉक्टरांनी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटावं, आशाताईसोबत गावात फिरावं, आणि काय कमी पडतंय ते डोळ्यांनी बघून जावं.

पैशाचं असं आहे की परदेशी नागरिकाकडून चर्चला आलेला पैसा हा परकीय देणगी धरतात, मग तो हातात दिलेला असो की खात्यात. त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी पाहिजे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. एका नोंदणीवाल्या संस्थेनं घेऊन दुसरीला देणंपण आता बंद झालंय, म्हणजे 'दुसऱ्यांच्या खात्यातून फिरवू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुतणीच्या ओळखीचे जे लोक तिकडं नोकरीला आहेत पण अजून भारतीय पासपोर्ट ठेवून आहेत, त्यांनी स्वतःच्या कमाईतून दिलेलं दान मात्र परकीय देणगीत येत नाही. छताचं त्यांना सांगून बघा, आणि सीएला एकदा विचारून घ्या. विमान उडाल्यावर नोटीस येते ती पाळकसाहेबांच्या नावानं येते.

मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ट्रिपचे लीडर म्हणतात तिकडं नर्सा कमी आहेत, तुला इंजेक्शन, टाके सगळं करायला मिळेल, प्रॅक्टिस होईल. जाऊ का?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

जा, पण सुईला हात लावू नको. जे तू आज अंबाजोगाईत एकटीनं करू शकत नाहीस ते गरीब देशातल्या माणसाच्या अंगावरपण करायचं नाही, तो काही प्रॅक्टिसची बाहुली नाही बाई. हात धुवायचं शिकव, वजनं घे, तिथल्या सिस्टरच्या हाताखाली उभी राहून बघ. लीडर आग्रह करायला लागले तर माझं नाव सांग.

केनियाला १२ दिवस जायचंय. लस कधी घ्यावी आणि मलेरियाच्या गोळ्यांची खरंच गरज असते का? एजंट म्हणतो यलो फिव्हरचं कार्ड तो करून देतो, लस न घेता.
— एक वाचक, परभणी

एजंटला सोडा, आजच. आपल्या देशात यलो फिव्हर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, आपल्या परभणीत घराघरातल्या रांजणात आहे. एक माणूस जरी तो ताप घेऊन आला तर इथं काय होईल विचार करा, म्हणून सरकार इतकं कडक आहे. सरकारमान्य सेंटरवरच लस मिळते, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आता जन्मभर चालते. कार्ड नसेल तर परत येताना विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. अंड्याची जोरदार ॲलर्जी असेल, दिवस गेलेले असतील, वय साठच्या पुढं असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर आधी डॉक्टरशी बोला.

मलेरियाच्या गोळ्यांची गरज असते. कोणती ते डॉक्टर ठरवतील, पण डॉक्सी (डॉक्सीसायक्लिनची गोळी) दिली तर परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची असते आणि लोक घरी आले की दुसऱ्या दिवशी सोडतात. आल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला सगळ्यात पहिलं वाक्य हेच सांगा की मी आफ्रिकेतून आलोय. तिकडचा मलेरिया मेंदूवर जायला वेळ लावत नाही. केनियाला २०२४ पासून व्हिसाच्या जागी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाआधी काढायची परवानगी, आहे, त्यात कशासाठी जायलात ते खरं लिहा.

आम्ही सहा जण नेपाळला पत्रकं वाटायला जायलोत. व्हिसा लागत नाही, आठ दिवसांत परत. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, धाराशिव

पत्रकं घरी ठेवा. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही हे खरं, विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा मतदान कार्ड पाहिजे, मोठ्या माणसाला नुसतं आधार चालत नाही. पण तिथं २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात दुसऱ्याचं धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी असेल तर शिक्षा भोगून सात दिवसांत देशाबाहेर. तुम्ही म्हणाल आम्ही ख्रिस्तासाठी तुरुंगातपण जाऊ. तुमची तयारी मी मानते. पण तुम्ही आठव्या दिवशी गोरखपूरला उतरून रेल्वेत बसाल, आणि ज्या नेपाळी भावानं तुम्हाला घरात झोपायला जागा दिली तो तिथंच असेल. २०१८ मध्येच अंदमानच्या नॉर्थ सेंटिनल बेटावर एक २६ वर्षांचा अमेरिकन तरुण सुवार्ता सांगायला गेला नि मारला गेला, त्याचा जीव गेला याचं मला आजही वाईट वाटतं, पण ज्या मच्छीमारांनी त्याला होडीतून नेलं ते अटकेत गेले, त्यांच्या लेकराबाळांचं नाव कुणी घेतलं नाही. नेपाळची मंडळी छोटी आहे, २०२१ च्या जनगणनेत दोन टक्केसुद्धा नाही, पण ती नेपाळी माणसांनीच वाढवली आहे. त्यांना फोन करून विचारा की आम्ही आलो तर तुम्हाला आधार होईल की धोका. धोका म्हणाले तर तिकीट रद्द करा आणि त्यांच्यासाठी इथं उपास करा.

मागच्या वर्षी आम्ही टांझानियात जाऊन आलो. तिथल्या एका लेकराच्या आईला मी नंबर दिला होता. आता दर महिन्याला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, शाळेची फी, आजारपण, कधी धान्य. दोनदा पाठवले. आता मी उत्तरच द्यायचं बंद केलंय आणि रात्री झोप लागत नाही. लेकराला मिठी मारून रडले होते मी निघताना, 'परत येईन' म्हणाले होते.
— एक वाचक, उदगीर

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तुम्हाला झोप लागत नाही ही चांगली खूण आहे, याचा अर्थ ते माणूस तुमच्यासाठी नुसता फोटो राहिलेलं नाही. पण चूक झाली ती दोन ठिकाणी. लेकरांना आठवडाभर कडेवर घेऊन मग 'परत येईन' म्हणणं, हे करू नये. माझ्या वॉर्डात आईबाप नसलेली लेकरं असायची, टीम आली की ती चार दिवस फुलायची नि टीम गेली की गेटकडं बघत बसायची, जेवायची नाहीत, आणि पुढच्या टीमच्या बाईला पहिल्याच मिनिटाला 'मम्मी' म्हणायची. ते प्रेम नव्हतं, ती भूक होती, आणि दरवेळी आम्हीच ती वाढवून ठेवायचो. म्हणून नंतर मेट्रननं नियमच केला की पाहुण्यांनी लेकरांना जवळ घ्यायचं नाही, लेकरांना सांभाळणाऱ्या आमच्या बायांना मदत करायची आणि लेकरांकडं त्यांनीच बघायचं. तेव्हा मला मेट्रन कठोर वाटल्या होत्या.

दुसरी चूक म्हणजे तिथल्या पाळकांना वगळून तुम्ही थेट पैसे पाठवले. गावात एका घरात परदेशातून पैसे येतात हे कळलं की शेजारणीचं तोंड फिरतं, आपल्या गावात नाही का फिरत? आणि ती आई खोटं बोलते असं मी म्हणत नाही, बहुतेक खरंच बोलत असेल.

तर आज संध्याकाळीच तिला उत्तर द्या. स्पष्ट लिहा की मी फार दिवस गप्प राहिले, माझं चुकलं, मी परत येऊ शकेन की नाही मला माहीत नाही आणि तसं बोलायला नको होतं. मग तुम्हाला ज्यांनी बोलावलं होतं त्या चर्चच्या पाळकांना फोन करा, त्या घराला काय लागतंय ते विचारा, आणि वर्षाकाठी जमेल तेवढं, भले पाच हजार का असेना, शाळेच्या फीसाठी त्यांच्यामार्फत बँकेतून रीतसर पाठवा, तुमच्या बँकेत बाहेर पैसे पाठवायचा फॉर्म मिळतो. रक्कम एकदा ठरवली की तीच ठेवा. लेकराचं नाव तुमच्या महिला संघाच्या प्रार्थनेत लिहून ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी त्याच्या आईला, पैशाचा विषय न काढता, फक्त कशी आहेस म्हणून फोन करा. स्वाहिली येत नसेल तर 'हाबारी' एवढं येऊ द्या, पुढचं ती बोलेल.